आकड्यांतून परत आलेला आवाज



दिवाळी सरते, धानाच्या कापणीची लगबग सुरू होते आणि त्याबरोबरच आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. वडशाहून नाटकांच्या गाड्या निघतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या बाजूच्या गावागावांत मांडव पडतात आणि थंडीत घोंगडी पांघरून माणसे पहाटेपर्यंत बसून राहतात. याच रंगभूमीवरील कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना तो आपल्याच घरचा सन्मान वाटला. दंडार, खडी गंमत, गोंधळ, भजन, कीर्तन यांनी आपले कान घडविले आहेत. आपल्या माणसाला कदाचित अक्षर कमी येत असेल; पण आवाज ओळखण्यात तो चुकत नाही.

आज मी आवाजाविषयीच बोलणार आहे. मात्र गाण्याविषयी नव्हे, तर गाणे आपल्या घरात ज्या यंत्रातून येते त्या यंत्राविषयी. आरंभीच सांगून टाकतो, मी विज्ञानाचा प्राध्यापक नाही. माझे एम.ए. मराठीचे. तेव्हा यंत्राची कळ फिरवताना तुमच्या मनात जी धाकधूक होते, तीच माझ्याही मनात होते. या विषयात मी जे थोडेफार शिकलो, ते एका चुकीमुळे शिकलो. ती चूक सांगणे हाच या भाषणाचा उद्देश समजा.

माझे वडील खडी गंमतीत गात असत. हातात डफ आणि मागे दोन झीलकरी. १९९१ साली कोणीतरी त्यांचे गाणे एका कॅसेटवर उतरवून घेतले. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे. वडील गेले; कॅसेट मात्र पेटीत राहिली. काही वर्षांपूर्वी मी ती एका विद्यार्थ्याच्या मदतीने संगणकावर उतरवली आणि ती चांगली ऐकता यावी म्हणून एक छोटीशी डबी विकत आणली. तिला ‘डॅक’ म्हणतात. एक तार संगणकाला, दोन तारा जुन्या अॅम्प्लिफायरला. झाले! आईला समोर बसवले आणि गाणे सुरू केले.

आईने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, “हा तुज्या बाबाचा आवाज नोहे गा. कोन पोट्टा गावून रायला हा?”

मी चमकलो. मला वाटले, एवढ्या वर्षांनी आईला आवाज आठवत नसावा. पुढच्या तीन रात्री मी त्या डबीची एकेक कळ बदलत बसलो. डबीवर निरनिराळे ‘फिल्टर’ होते. ते सगळे फिरवून पाहिले. आई मात्र प्रत्येक वेळी मान हलवी. अखेर कोण बरोबर होते, ते शेवटी सांगतो. त्याआधी ही डबी करते तरी काय, ते पाहू.

मंडळी, आपल्या वैनगंगेचे उदाहरण घ्या. २०२० च्या ऑगस्टअखेर आलेला पूर आपल्या तालुक्यातील नदीकाठची गावे अजून विसरलेली नाहीत. नदीची पातळी मोजण्यासाठी खुणा केलेली पट्टी उभी केलेली असते. समजा, एक माणूस दर तासाला त्या पट्टीवरची खूण पाहतो आणि वहीत आकडा लिहितो. पूर ओसरून गेला, पाणी समुद्राला मिळाले. पण वही उरली. त्या वहीतील आकडे कागदावर मांडून त्यांतून एक रेघ ओढली, तर नदी केव्हा चढली, केव्हा उतरली हे सारे पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते.

आवाज म्हणजे हवेतील पूरच आहे. हवेचा दाब चढतो, उतरतो; फरक इतकाच की तो नदीसारखा दिवसाकाठी नव्हे, तर एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा चढतो-उतरतो. डिजिटल ध्वनिमुद्रण म्हणजे या चढउताराचे आकडे वहीत लिहून ठेवणे. आणि डॅक म्हणजे ती वही वाचून पुन्हा रेघ ओढणारा कारकून. आकडे घेतो आणि त्यांचा विजेचा चढउतार करून देतो. तो विजेचा चढउतार अॅम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकर त्याची पुन्हा हवा हलवतो. तुमच्या खिशातील मोबाइलमध्येही असा एक डॅक असतोच. नाही तर त्यातून गाणे ऐकूच आले नसते. बाहेरून घेतलेली डबी हे काम जरा अधिक नेटकेपणाने करते, एवढेच.

आता या वहीसंबंधी दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिला, आकडा किती वेळाने लिहिला? दुसरा, पट्टीवरच्या खुणा किती बारीक होत्या?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे डबीवर किंवा संगणकावर दिसणारा ४४.१, ४८, ९६, १९२ असा आकडा. ४४.१ म्हणजे एका सेकंदात ४४,१०० वेळा नोंद. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे आपली सीडी बाजारात आली, तेव्हापासून गाण्यांसाठी हा आकडा रूढ झाला. चित्रपट, दूरदर्शन, व्हिडिओ यांच्यासाठी ४८,००० हा आकडा रूढ आहे.

एवढ्या नोंदी कशासाठी? माणसाचा तरुण, निरोगी कान सेकंदाला साधारण २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. आणि गणिताचा नियम असा की, ज्या वेगाचा चढउतार टिपायचा, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा नोंद केली म्हणजे मूळ रेघ जशीच्या तशी परत मिळते. अंदाजे नव्हे, जशीच्या तशी! क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे स्पष्टपणे मांडले. त्याआधी नायक्विस्ट आणि कोतेल्निकोव्ह यांनीही या विचाराची वाट घातली होती. वीस हजारांची दुप्पट चाळीस हजार. त्यावर थोडी मोकळीक ठेवली, की ४४,१०० पुरेसे होतात.

येथे पुष्कळांची एक समजूत असते. ते म्हणतात, आकड्यांतून आलेला आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक असणार. पायऱ्या जितक्या जास्त तितका आवाज गुळगुळीत. तसे नाही, बरं का! डॅक पायऱ्या ऐकवीत नाही. तो दोन नोंदींमधली रेघ वळणदारपणे पुरी करतो आणि नियम पाळलेला असेल तर ती एकच एक रेघ शक्य असते. आपली नदी तासाला बोटभर चढत असेल, तर दर सेकंदाला पट्टी पाहून वह्या भरणाऱ्या माणसाच्या हाती नवे काय लागणार? वह्या मात्र वाढतील.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : मूळ मुद्रण ज्या आकड्याचे, डॅकही त्याच आकड्यावर ठेवावा. गाणे ४४.१ चे असेल तर ४४.१, व्हिडिओ असेल तर ४८. पुष्कळ यंत्रे हे आपोआप करतात. संगणकात मात्र आवाजाच्या मांडणीत एक आकडा कायमचा निवडावा लागतो आणि सगळे मुद्रण त्या आकड्यात बदलून बाहेर पडते. अलीकडचे संगणक हा बदल बऱ्यापैकी नीट करतात. तेव्हा त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पण ४४.१ चे गाणे १९२ वर ठेवल्याने ते अधिक चांगले होईल, ही आशा मात्र सोडून द्या. जे वहीत लिहिलेच नाही, ते कारकून कोठून आणणार?

याच संदर्भात आकाशवाणीचेही सांगतो. एफएम प्रक्षेपणात सुमारे १५,००० कंपनांपर्यंतचे सूर येतात. मध्यम लहरींवर वरचे सूर त्याहून पुष्कळ छाटलेले असतात. तरीही पिढ्यान्‌पिढ्या आपण मध्यम लहरींवर गाणी ऐकली, बातम्या ऐकल्या, शेतीची माहिती ऐकली आणि त्यात आपल्याला काही उणे वाटले नाही. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्याच्या आवाजावर आपल्या वडीलधाऱ्यांनी घड्याळे लावली. गाण्याचा जीव केवळ वरच्या सुरांत नसतो.

आता दुसरा प्रश्न, खुणांच्या बारीकपणाचा. याला ‘बिट’ म्हणतात. १६ बिट म्हणजे पट्टीवर ६५,५३६ खुणा. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ खुणा. सोळा बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. आपल्या घरात पंखा चालू असतो, अंगणात कोंबड्या असतात, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो. अशा घरात ऐकण्यासाठी सोळा बिट पुरून उरतात. मग २४ चा उपयोग काय? दोन ठिकाणी आहे. एक, मुद्रण करताना. दोन, आवाज संगणकातून कमी करताना. संगणकात आवाज सहा डेसिबलने उतरवला, की एक बिट खर्ची पडतो. चोवीस बिटांची जागा असेल तर हा खर्च सहज सोसतो. तेव्हा डॅकची मांडणी २४ बिटांवर ठेवावी आणि विसरून जावे. यंत्र ३२ दाखवीत असेल तर तेही चालेल. पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. चांगले डॅकही प्रत्यक्षात वीस-एकवीस बिटांच्या पलीकडे फारसे जात नाहीत.

तिसरी गोष्ट, आवाज लहान-मोठा करण्याची. माझ्या अनुभवात घरोघरी आणि शाळाशाळांत सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो.

एका शाळेतील प्रसंग सांगतो. गावाचे नाव राहू द्या. कार्यक्रमात मुलींचे समूहनृत्य होते. गाणे मोबाइलमध्ये. मोबाइलपासून डबी, डबीपासून शाळेचा अॅम्प्लिफायर, तेथून कर्णे. गाणे सुरू झाले आणि अशी खरखर सुटली, की मुलींना ठेका सापडेना. एका मुलीचे पाऊल चुकले, ती रडवेली झाली. गुरुजी म्हणाले, गाण्याची फाइल बिघडलेली दिसते. मी मागे जाऊन पाहिले, तर फाइलीला काहीच झालेले नव्हते. तार माइकच्या भोकात घातलेली होती!

आता बघा, माइकमधून येणारी वीज एका व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. डॅकमधून पूर्ण आवाजात येणारी वीज सामान्यतः दोन व्होल्टच्या आसपास असते. सुपात मावेल तेवढ्या धानाच्या जागी कोणी एकदम गाडीभर धान ओतले तर काय होईल? बाहेर सांडेल. आवाजही तसाच सांडतो. त्याचे माथे कापले जातात आणि आपल्याला खरखर ऐकू येते. रेकॉर्ड वाजवण्याच्या जुन्या यंत्रासाठी ‘फोनो’ असे लिहिलेले भोक असते, तेथेही हीच गत. डॅकची तार नेहमी ‘लाइन’, ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेल्या ठिकाणीच लावावी. मी तार बदलली, गाणे पुन्हा लावले आणि मुलींनी नाच पुरा केला. टाळ्या त्यांना मिळाल्या, त्या त्यांच्याच होत्या.

आवाजाच्या कळी तीन ठिकाणी असतात : मोबाइलवर किंवा संगणकावर, डॅकवर आणि अॅम्प्लिफायरवर. तीन जावा एकाच चुलीवर एकाच वेळी मीठ घालू लागल्या, तर भाजीचे काय होईल? म्हणून मीठ एकीनेच घालावे. जेथून आकडे निघतात तेथील कळ वर ठेवावी. डॅकवर ‘फिक्स्ड’ आणि ‘व्हेरिएबल’ अशी निवड असेल, तर अॅम्प्लिफायरला स्वतःची कळ असताना ‘फिक्स्ड’ ठेवावे आणि आवाज अॅम्प्लिफायरवरूनच कमी-जास्त करावा. अॅम्प्लिफायर फार जुना असून थोडी कळ फिरवताच किंचाळत असेल, किंवा हळू आवाजातही खरखरत असेल, तर ‘व्हेरिएबल’ निवडून डॅकचा आवाज थोडा उतरवावा. आणि अॅम्प्लिफायर नसून वीज लावलेले स्पीकर थेट डॅकला जोडले असतील, तर ‘व्हेरिएबल’च ठेवावे व पहिल्यांदा लावताना आवाज अगदी खाली असल्याची खात्री करावी. नाही तर पहिल्याच सुराला घरातील लेकरू दचकून उठेल आणि स्पीकरही जाईल.

त्याच्याच जोडीला एक सूचना. संगणकात आणि मोबाइलमध्ये आवाज ‘सुधारण्याच्या’ अनेक सोयी असतात. खालचे सूर वाढवणे, सभागृहासारखा घुमारा आणणे वगैरे. आधी त्या सगळ्या बंद कराव्या. मूळ गाणे कसे आहे ते ऐकावे. मग हवे असेल तर चवीपुरते वाढवावे. खालचे सूर वाढवायचे असतील, तर एकूण आवाज तितकाच उतरवावा. नाही तर पुन्हा धान सांडायचे.

चौथी गोष्ट, टेलिव्हिजनची. हल्ली अनेकजण टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या तारेने, म्हणजे ‘ऑप्टिकल’ तारेने डॅकमध्ये घेतात. तार लावतात आणि काहीच ऐकू येत नाही, किंवा नुसती घरघर ऐकू येते. डबी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण होते. वास्तविक टीव्हीच्या आवाजाच्या मांडणीत ‘पीसीएम’ हा पर्याय निवडायचा राहिलेला असतो. पीसीएम म्हणजे साधे, उघडे आकडे. इतर पर्यायांत आकडे गाठोडे बांधून पाठवलेले असतात. साध्या डॅकला ते गाठोडे सोडता येत नाही. पीसीएम निवडा, काम झाले.

या प्रकाशाच्या तारेचा आणखी एक गुण आहे. तिच्यातून वीज जात नाही. त्यामुळे दोन यंत्रांच्या जमिनीच्या तारांत जो वाद होऊन ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो, तो अशा जोडणीत पुष्कळदा नाहीसा होतो. संगणकाचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष डॅकचा नाही, चार्जरच्या वाटेचा आहे, हे ओळखावे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावून पाहावी. पण एक गोष्ट मात्र कधीही करू नका. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची तिसरी, जमिनीची पिन तोडू नका. गुणगुण थांबेलही, पण पावसाळ्यात ओल्या भिंतीच्या घरात ती पिनच माणसाचा जीव वाचवते.

पाचवी गोष्ट, हेडफोनची. डॅकवर ‘लो’ आणि ‘हाय’ अशी ताकदीची कळ असली, तर मोबाइलबरोबरच्या साध्या हेडफोनसाठी ‘लो’ ठेवावी. हे केवळ यंत्रासाठी नव्हे, कानासाठी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जो मापदंड प्रसिद्ध केला, त्यात मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना हे गणित जरूर घालून द्या. कान एकदा गेला म्हणजे तो कोणत्याही कळीने परत येत नाही.

आता राहिला फिल्टर, ज्याच्यात मी तीन रात्री घालवल्या. आकड्यांतून रेघ ओढताना मूळ आवाजाच्या वरच्या बाजूला काही नको असलेल्या छाया तयार होतात. त्या अडवण्यासाठी फिल्टर असतो. पाटाचे दार तुम्ही झटकन पाडले, तर पाणी पुरते अडते, पण दारापाशी लाटा उठतात. हळूहळू पाडले, तर लाटा कमी, पण थोडे पाणी निसटते. ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ हा फरक असा आहे. लाटा ठोक्याच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे वाटायच्या, की सगळ्या नंतरच येऊ द्यायच्या, हा ‘लिनियर’ आणि ‘मिनिमम’ यांतला फरक. पण लक्षात घ्या, ही सारी घडामोड वीस हजार कंपनांच्या आसपास चालते. मी माझे कान तपासून पाहिले. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर ते तेरा हजारांच्या पुढे फारसे जात नाहीत. ज्या खोलीत मला शिरताच येत नाही, तिच्या भिंतीच्या रंगावर मी तीन रात्री वाद घालत होतो! फिल्टर कारखान्यातून जसा आला तसा राहू द्यावा. ‘फास्ट, लिनियर’ हा साधा पर्याय बहुधा ठीक असतो.

तुम्हांला फरक ऐकू येतो असे वाटत असेल, तर खुशाल परीक्षा करा. पण न्यायाने करा. दोन्ही वेळा आवाज तंतोतंत सारखा ठेवा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी अधिक चांगला वाटतो. कळ दुसऱ्याने फिरवावी आणि कोणती लावली ते सांगू नये. दहा वेळा ऐका आणि ओळखून लिहा. दहापैकी पाच-सहाच बरोबर आले, तर तो नाणे उडवण्यासारखाच निकाल होय. शाळेत हा प्रयोग फार छान होतो. विज्ञान म्हणजे काय, ते मुलांना एका तासात कळते.

श्रोतेहो, आता माझ्या कॅसेटकडे वळू.

चौथ्या दिवशी सकाळी मी सहज पडद्यावर पाहिले. गाण्याची लांबी दाखवली होती साडेसत्तावीस मिनिटे. कॅसेटची बाजू तर तीस मिनिटांची आणि ती शेवटपर्यंत भरलेली. अडीच मिनिटे गेली कुठे?

तेव्हा प्रकाश पडला. आवाजाच्या फाइलीच्या कपाळावर तिचा वेग लिहिलेला असतो. सेकंदाला किती नोंदी, ते. माझ्याकडची फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात नेताना ते कपाळ कोरे झाले होते. ती उघडताना संगणकाने मला विचारले होते, वेग कोणता? मुद्रण होते ४४,१०० चे. मी मात्र ४८,००० निवडले. का? तर आकडा मोठा म्हणून! ४४,१०० नोंदींना लागायचा वेळ एक सेकंद. मी त्या त्याहून कमी वेळात वाचायला लावल्या. तीस मिनिटांना ४४.१ ने गुणा आणि ४८ ने भागा. उत्तर साडेसत्तावीस मिनिटेच येते. गाणे तेवढे घाईने धावत होते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीहून अधिक वर चढला होता. पन्नाशीतील माझ्या वडिलांचा भरदार आवाज एखाद्या पोराचा झाला होता. मला त्याचा पत्ता लागला नाही, आणि आईला दोन ओळींत लागला.

या चुकीतून मी कळींचा क्रम शिकलो. तो तुम्हांला सांगतो. आधी वेग बरोबर आहे ना, ते पाहावे. मग तार योग्य ठिकाणी आहे ना, ते पाहावे. मग आवाजाची एकच कळ हाती ठेवावी. मग गुणगुण शोधावी. आणि फिल्टर सर्वांत शेवटी. आपण बहुतेकजण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आणि मोठा आकडा दिसला, की तोच चांगला मानतो.

शिक्षक मित्रांना एक विनंती करतो. आपल्या गावागावांत अजून अशा कॅसेटी आहेत. दंडारीतील झडत्या, जात्यावरची गाणी, कुणाचे भजन, कुणाच्या आजीची कहाणी. झाडीबोलीचा अस्सल उच्चार त्यांत आहे. तो पुस्तकात सापडायचा नाही. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. ती उतरवून घ्या. उतरवताना मात्र २४ बिट आणि निदान ४८,००० हा वेग ठेवा. ध्वनिसंग्रहाचे काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना हेच किमान माप सांगते. ऐकताना मोठा आकडा लागत नाही, पण मुद्रण करताना तो उपयोगी पडतो, कारण तेथे पुढच्या पिढीला दुरुस्तीसाठी जागा ठेवायची असते. उतरवण्याआधी कॅसेटयंत्राचे डोके स्वच्छ पुसा. फाइलीच्या नावात गाणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि वेगाचा आकडा लिहा, म्हणजे माझ्यासारखी कोऱ्या कपाळाची फजिती होणार नाही. दोन ठिकाणी प्रती ठेवा. ज्याचा आवाज आहे त्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी घ्या. आणि काम झाले म्हणून मूळ कॅसेट फेकू नका.

ते झाले म्हणजे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलावून ऐकवा. त्याने मान हलवली, तर यंत्रावर विश्वास ठेवू नका. त्याच्यावर ठेवा आणि चूक शोधा.

त्या दिवशी मी आकडा दुरुस्त केला आणि संध्याकाळी आईला पुन्हा बोलावले. ती तांदूळ निवडत होती. सूप घेऊनच आली. गाणे सुरू झाले. डफ जरा जड वाजला, आवाज खाली आला. तिचा हात सुपात तसाच थांबला. बाजू संपेपर्यंत, पुरी तीस मिनिटे, ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता आला. पन त्या दिसी थकला होता तो. दिवसभर रोवना करून गेला होता गावाले.”

कोणत्याही आकड्यात न लिहिलेली ही गोष्ट तिला ऐकू आली. यंत्र नीट लावायचे ते याचसाठी, की ऐकणाऱ्याला माणूस ऐकू यावा.